रव्याची काडतुसं

ताइस्तो हुहता थकला होता. हे दुसऱ्या कुणी सांगायला नको, येईल-जाईल त्याला तो स्वतःच सांगायचा. गुडघे थकले, डोळे थकले, कुत्री थकली, गाडी तर केव्हाचीच थकली. "आणि बायको?" आइली स्वयंपाकघरातून विचारायची. "बायको थकत नाही, थकवते," असं म्हणून तो बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकायचा आणि वाकला की बराच वेळ तसाच राहायचा.

गाव सुपीरियर सरोवराच्या काठचं, मिशिगनच्या पार उत्तरेकडचं. तांब्याच्या खाणीवर वसलेलं. ताइस्तोचा बाप फिनलंडहून आला तो थेट खाणीतच उतरला. ताइस्तो मात्र खाली उतरला नाही, त्याच्याकडे वरच्या यंत्राचं काम होतं. सकाळी माणसांचा पाळणा भुईच्या पोटात सोडायचा आणि दिवस संपला की वर ओढून घ्यायचा. खाण बंद पडली तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. मग जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलायचं यंत्र चालवायला लागला. तिथे हिवाळा निम्मं वर्ष खातो, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. उरलेल्या निम्म्या वर्षातला ऑक्टोबर महिना तेवढा त्याचा स्वतःचा.

ऑक्टोबर म्हणजे ग्राउझ आणि वुडकॉकची शिकार. आस्पेनच्या कोवळ्या रानात ग्राउझ, आल्डरच्या ओल्या झुडपांत लांब चोचीचा वुडकॉक. आणि ह्या दोन पक्ष्यांसाठी ताइस्तोच्या मते एकच हत्यार योग्य होतं: जुनी, लहान बोअरची दुनळी बंदूक.

गावात सगळ्यांकडे बारा बोअरच्या बंदुका. जड, दणकट, हरणापासून बदकापर्यंत सगळ्याला चालणाऱ्या. बोअरचा आकडा वाढतो तशी नळी बारीक होते; वीस बोअर, अठ्ठावीस बोअर, चारशेदहा असल्या बारीक नळ्यांच्या बंदुकांना लोक खेळणी म्हणायचे. महायुद्धाच्या आधी कारखान्यांनी त्या थोड्याच बनवल्या. कुणा श्रीमंताच्या बायकोसाठी, कुणा हौशी डॉक्टरसाठी. दस्ता मनगटाएवढा बारीक, दोन नळ्या शेजारी शेजारी, वजन इतकं कमी की दिवसभर एका हातात घेऊन चालावं. आल्डरच्या गचपणात पक्षी उठतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत नाहीसा होतो. तिथे जड बंदूक खांद्याला लागेपर्यंत पक्षी कॅनडात पोचलेला असतो. हे ताइस्तोला कळलं तसं गावात आणखी एकाच माणसाला कळलं होतं. तो म्हणजे विल्फ ट्रेगेअर.

विल्फ कॉर्निश. त्याचे आजे-पणजे इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून खाणी खणायला आले होते. ताइस्तो ज्या पाळण्याला खाली सोडायचा त्यात विल्फ असायचा. पाळण्यात पाय ठेवता ठेवता तो रोज ओरडायचा, "दोर नीट सांभाळ रे फिनलंड्या! माझं काही नाही, पण डब्यात माझ्या बर्निसची पास्टी आहे." पास्टी म्हणजे मांस, बटाटा आणि सलगम भरून भाजलेली मोठी करंजी. ती कॉर्निश लोकांनी आणली आणि फिनिश लोकांनी उचलली. तिच्यात गाजर घालावं की नाही यावर हे दोघं आयुष्यभर भांडले.

"गाजर घातलेली पास्टी म्हणजे घोड्याचं खाणं," विल्फ म्हणायचा.

"तुझ्या आज्याला गाजर परवडत नव्हतं, म्हणून नव्हता घालत," ताइस्तो म्हणायचा.

दोघांनी मिळून बंदुका जमवल्या. रविवारी विल्फचं चर्च आणि ताइस्तोची झोप आटोपली की ट्रकमध्ये बसायचं आणि आडवाटेच्या शेतांवर, जुन्या वस्त्यांवर हिंडायचं. काम वाटून घेतलेलं होतं. विल्फ बोलायचा आणि ताइस्तो कोपरे बघायचा. विल्फ कुणाही अनोळखी म्हातारीच्या ओट्यावर अर्ध्या घटकेत घरचा होऊन बसायचा, तिच्या संधिवातापासून तिच्या मेलेल्या नवऱ्यापर्यंत सगळी चौकशी करायचा. तोवर ताइस्तोची नजर दारामागे, कपाटावर, गोठ्याच्या तुळईवर फिरत असायची. कुठे गंजलेली वीस बोअर सापडायची, कुठे नुसत्या नळ्या, कुठे दस्ता एका घरात आणि नळ्या दुसऱ्या भावाच्या घरात. हिवाळाभर मग तळघरात बसून दोघं गंज उतरवायचे, अक्रोडाच्या लाकडाला तेल पाजायचे.

सगळ्यांत सुंदर बंदूक मिळाली ती एका म्हाताऱ्या कुमारिकेच्या घरी. तिचे वडील खाणीचे कप्तान होते. विल्फ बाहेर तिच्या मांजराचं कौतुक करत होता, आणि ताइस्तो पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेला तर कोठीघराची खिडकी एका बंदुकीच्या नळ्यांचा टेकू देऊन उघडी ठेवलेली. अठ्ठावीस बोअर. धूळ पुसली तर खाली बारीक वेलबुट्टी कोरलेली. तिचा कारखाना कधीच बंद पडला होता, आणि असल्या बंदुकीबद्दल दोघांनी फक्त ऐकलेलं होतं. म्हातारी म्हणाली, "न्या की, पण खिडकीला काहीतरी लावून जा." विल्फनं तिला दुसऱ्याच दिवशी नवी खिडकी बसवून दिली, रंगवून.

बंदूक कुणाची, हे ठरेपर्यंत ट्रक हलला नाही. शेवटी नाणं उडवलं. विल्फ जिंकला. ताइस्तो म्हणाला, "घे, तुझे हात बायकी आहेतच." पण त्या दिवसापासून वीस-बावीस वर्षं विल्फनं ती खांद्याला लावली की ताइस्तो दुसरीकडे बघायचा. विल्फलाही ते ठाऊक होतं. तो मुद्दाम ती त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "धर जरा, मला नाक शिंकरायचंय."

विल्फच्या डोक्यात गडबड सुरू झाली ती पहिल्यांदा शब्दांत. तो कुत्रीचं नाव विसरला. कुत्री ताइस्तोची, पांढरी-काळी, सेटर ह्या शिकारी जातीची, तिल्दा. विल्फ तिला त्याच्या जुन्या, मेलेल्या कुत्र्याच्या नावानं हाका मारायला लागला. तिल्दाला काही वाटलं नाही, ती दोन्ही नावांना यायची. मग तो वाट विसरला. ज्या रानात चाळीस वर्षं हिंडला तिथे उभा राहून विचारू लागला, "ट्रक कुठल्या बाजूला रे?" इतपत ठीक होतं. पण एके दिवशी ताइस्तोनं पाहिलं की विल्फ भरलेली, मिटलेली बंदूक हातात घेऊन तारेचं कुंपण ओलांडतोय. हाच विल्फ पूर्वी कुणी असं केलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. बंदूक उघडायची, काडतुसं काढायची, मग कुंपण ओलांडायचं, हे ताइस्तोला त्यानंच शिकवलं होतं.

त्या थंडीत डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. उन्हाळ्यात विल्फची बायको बर्निस ताइस्तोच्या घरी आली. आइलीनं कॉफी ठेवली, वेलदोडा घातलेला गोड पाव कापला. बर्निसनं पावाला हात लावला नाही.

"ताइस्तो, आता त्याला बंदूक देता येणार नाही," ती म्हणाली. "तूच सांग त्याला."

"मी? डॉक्टरांनी सांगितलं ना?"

"सांगितलं. त्यांना म्हणाला, तुम्ही आधी माझ्याबरोबर रानात चला, मग बघू कुणाला दिसत नाही ते." बर्निस हसली आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. "माझं तर तो ऐकतच नाही. पण एक सांगू? बंदूक काढून घेतली की हा ऑक्टोबरात करणार काय? खिडकीत बसून राहील. रोज सकाळी उठून पहिलं विचारतो, ऑक्टोबर आला का?"

"मग मी काय करू म्हणतेस?"

"मला कळलं असतं तर तुझ्याकडे आले असते का?"

ती गेल्यावर ताइस्तो टेबलाशी तिचा राहिलेला पाव खात बसला. आइली भांडी विसळत म्हणाली, "देवानं तुला हो म्हणायचीच सवय दिली आहे, तेव्हा आता बसू नकोस, काहीतरी शोध."

शोधलेली युक्ती तशी साधी होती. जुन्या बंदुकांच्या नळ्यांना दुकानातली नवी काडतुसं सोसत नाहीत, म्हणून दोघांचीही काडतुसं ताइस्तो तळघरात स्वतःच भरायचा. ह्या खेपेला विल्फच्या काडतुसांत त्यानं छर्रेच घातले नाहीत. त्यांच्या जागी रवा दाबून भरला. सकाळच्या खिरीचा रवा. पहिले एक-दोन बार मागच्या अंगणात फुसकन गेले आणि आइलीच्या वाळत घातलेल्या चादरीवर पांढरी रांगोळी उमटली. नंतर जमलं. आवाज बऱ्यापैकी व्हायचा, खांद्याला थोडा धक्का बसायचा, धूर यायचा. फक्त मरायचं काही नाही.

"डबा परवाच भरला होता," आइली कपाटात डोकावत म्हणाली. "एवढी खीर कोण खातंय?"

"विल्फ," ताइस्तो म्हणाला आणि तिला सगळं सांगितलं. पुढच्या बाजाराला तिनं रव्याची मोठी पिशवी आणली.

ऑक्टोबर आला. पहिल्या दिवशी ताइस्तोनं विल्फच्या ओंजळीत ती काडतुसं ठेवली तेव्हा तो विल्फच्या तोंडाकडे बघत होता. विल्फ अंधारात नुसतं तळहातावर तोलून काडतूस कुठल्या छऱ्यांचं ते सांगायचा. ही काडतुसं तर कापसासारखी हलकी. आता तो भुवया वर करील आणि म्हणेल, हे काय रे फिनलंड्या? विल्फनं ती मुठीत घेतली, खिशात टाकली आणि म्हणाला, "चल, ऊन वर आलं." ताइस्तोला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तो मागे राहिला, नाक पुसलं आणि मग निघाला.

त्या हंगामात ताइस्तोनं दोन माणसांच्या वाटची शिकार एकट्यानं केली. कुत्रीवर नजर ठेवायची, वाटेवर नजर ठेवायची, आणि सगळ्यांत जास्त विल्फच्या बंदुकीच्या तोंडावर. सकाळी त्याला कोट चढवता चढवता खिसे चाचपून जुनं काडतूस राहिलं नाही ना ते बघायचं. रानात नेहमी त्याच्या डाव्या खांद्यामागे चालायचं. पक्ष्याचा वास लागून तिल्दा थबकली, शेपटी ताठ झाली की दोघांनी पुढे व्हायचं. पक्षी फडफडत उठायचा, विल्फ दोन्ही नळ्या उडवायचा आणि त्याच आवाजात मिसळेल असा ताइस्तो आपला बार काढायचा. पडला पक्षी तर ओरडायचं, "पाडलास रे!" नाही पडला तर म्हणायचं, "मीही चुकलो."

विल्फचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा. पक्ष्याची पिसं बोटानं सारखी करत तो म्हणायचा, "हात अजून आहे, नाही? डोकं जाऊ दे. हात आहे."

"हात आहे," ताइस्तो म्हणायचा.

घरी आल्यावर मात्र तो बूट न काढताच कोचावर आडवा व्हायचा. गुडघ्यांचं दुखणं त्याला परवडलं असतं, पण दिवसभर खोटं बोलून येणारा शीण काही औषधानं जात नव्हता. "उद्या नको जाऊस," आइली म्हणायची. "उद्या नाही जाणार," तो म्हणायचा. आणि सकाळी विल्फच्या दारात ट्रक उभा असायचा, कारण विल्फ पहाटेपासून टोपी घालून पायरीवर बसलेला असायचा.

महिना सरत आला होता. पानं गळून रान मोकळं झालं होतं, रात्री ओहोळाच्या कडेला बर्फाची साय धरायला लागली होती. त्या दिवशी ते ओहोळाच्या काठाकाठानं आल्डरमध्ये हिंडत होते. वुडकॉक दक्षिणेकडे निघालेले, त्यामुळे भरपूर होते. दुपारपर्यंत ताइस्तोचे पाय इतके भरून आले की त्याला एक पडलेलं झाड दिसलं आणि तो न बोलता त्यावर टेकला. क्षणभरच. "विल्फ, थांब जरा," त्यानं हाक मारली. पण विल्फ पुढे चालतच राहिला. ताइस्तोनं डोळे मिटले. मिटले म्हणजे काय, ते मिटलेच.

त्यानं डोळे उघडले तेव्हा तिल्दा त्याच्या आणि विल्फच्या मधोमध ताठ उभी होती. विल्फ वळून परत येत होता. घराच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत असतं तेवढंच अंतर. ताइस्तो उठायच्या बेतात होता, तेवढ्यात तिल्दाच्या नाकासमोरून वुडकॉक उडाला, तो वर न जाता जमिनीलगत, सरळ ताइस्तोच्या दिशेनं. विल्फच्या खांद्याला बंदूक लागली. जुना सफाईदार हात, वाऱ्यासारखा. पक्ष्याबरोबर नळ्या फिरल्या आणि ताइस्तोला त्या अठ्ठावीस बोअरची दोन्ही काळी तोंडं दिसली.

बार झाला.

टोपी उडाली. तोंडावर, डोळ्यांत, मिशीत काहीतरी बारीक येऊन बसलं. ताइस्तो झाडावरून मागे पडला आणि तसाच चिखलात पडून राहिला. रवा आहे, तो मनाशी म्हणत होता. रवाच आहे. मेलो नाही.

विल्फ धावत आला. बंदूक अजून त्याच्या हातात, मिटलेली. "ताइस्तो! अरे ताइस्तो! तुला लागलं? मी तुला मारलं?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं गुडघे टेकले, ताइस्तोच्या गालावरून हात फिरवला, आणि हात मध्येच थांबला. त्यानं बोट जवळ नेऊन पाहिलं. मग जिभेला लावलं.

"रवा?"

ताइस्तोचं लक्ष बंदुकीकडे होतं. विल्फची सवय अशी, की तो नेहमी दोन्ही चाप एकामागून एक ओढायचा. आज त्यानं एकच ओढला होता. ताइस्तोनं हात पुढे करून बंदूक त्याच्याकडून काढून घेतली आणि उघडली. उजव्या नळीतून रिकामं टरफल उडून पडलं. डाव्या नळीतलं काडतूस त्यानं बोटांनी बाहेर ओढलं, आणि ते बाहेर येण्याआधीच वजन लागलं.

ते त्यानं भरलेलं नव्हतं. जुनं, कागदाचं, रंग उडालेलं काडतूस होतं. छऱ्यांचं. विल्फच्या कोटाच्या खिशाचं अस्तर फाटलं होतं. त्या भोकातून कधीतरी आत घसरलेलं, किती हंगाम तिथेच पडून राहिलेलं, आणि आज विल्फच्या बोटांना ते नेमकं सापडलं असावं.

ताइस्तोनं ते मुठीत दाबून धरलं. मूठ मांडीखाली घातली.

"तू माझ्या काडतुसांत रवा भरलास?" विल्फ म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. कित्येक महिन्यांत इतका स्वच्छ आवाज ताइस्तोनं ऐकला नव्हता. "पूर्ण महिना?"

"हो."

"म्हणजे ते पक्षी?"

"माझे."

"सगळे?"

"सगळे, विल्फ."

विल्फ उठला. गुडघ्यांवरचा चिखल झटकला. "मी काय तान्हं मूल आहे? मला खीर भरवतोस? सरळ तोंडावर सांगता आलं नाही तुला, की विल्फ, तू संपलास?" त्याचे ओठ हलत राहिले. "इतकी वर्षं तुझ्या हातातल्या दोरावर मी खाली गेलो. कधी विचारलं नाही, दोर बरा आहे का. आणि तू..."

पुढचा शब्द त्याला सापडला नाही. तो शोधत उभा राहिला आणि मग नुसताच चालू लागला. नशिबानं ट्रकच्याच बाजूला.

मुठीतलं काडतूस ताइस्तोनं त्याला दाखवलं नाही. ते दाखवलं असतं तर भांडण तिथेच मिटलं असतं. पण मग आपल्या हातून मित्र मेलाच असता, हे घेऊन विल्फला जगावं लागलं असतं, निदान तो विसरेपर्यंत. वाटेत पुलावर ट्रक हळू करून ताइस्तोनं ते खिडकीतून नदीत टाकलं. विल्फ दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होता.

बर्निसला मात्र त्यानं सगळं सांगितलं. अंगणात उभ्यानंच. तिनं ऐकलं, आत गेली, आणि त्या रानातून आलेल्या बंदुकीबरोबर घरातल्या बाकीच्याही आणून ट्रकच्या मागे ठेवल्या. "घेऊन जा. एकही नको ठेवूस," ती म्हणाली. मग त्याच्या मिशीतला रवा तिनं कमरेला बांधलेल्या ॲप्रनच्या टोकानं पुसला.

अशी ती अठ्ठावीस बोअर ताइस्तोच्या घरी आली. रात्रीच्या जेवणाआधी त्यानं ती पुसून तेल लावून कपाटात ठेवली. आइली दारात उभी राहून बघत होती.

"आली एकदाची," ती म्हणाली.

"हं."

"खांद्याला लावून तरी बघ."

"नको. हात दुखतोय," तो म्हणाला आणि कपाट लावून घेतलं.

पुढच्या शनिवारी सकाळी बर्निसचा फोन आला. "तो टोपी घालून पायरीवर बसलाय," ती म्हणाली. "त्याला काहीच आठवत नाहीये. तू कुठे राहिलास म्हणून शिव्या देतोय."

विल्फचा राग त्याचा तो विसरून गेला होता. ताइस्तोला मात्र रात्री झोपेत ती दोन काळी तोंडं दिसत होती आणि विल्फचे शब्द ऐकू येत होते. त्यानं बूट घातले. बंदुकांच्या कपाटापाशी जरा थांबला. आपली वीस बोअर घेतली तर विल्फ हात पुढे करणार, हे त्याला माहीत होतं. त्यानं कॉफीचा थर्मास घेतला, पास्ट्या घेतल्या आणि तिल्दाला शीळ घातली.

"माझी बंदूक कुठाय?" ट्रकमध्ये बसताच विल्फनं विचारलं.

"दस्ता तडकलाय. दुरुस्तीला दिलीय, ग्रीन बेच्या दुकानात."

"ग्रीन बेला? त्या लोकांना लाकडातलं काय कळतं? आणि तुझी?"

"तुझी नाही तर माझीही नाही."

विल्फनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "वेडा आहेस," तो म्हणाला आणि खूश झाला.

मग शनिवारमागून शनिवार हेच चाललं. दस्ता तडकलाय. ग्रीन बेला दिलीय. कधी एकाच वाटेत तीनदा सांगावं लागायचं. ताइस्तो ते आता विचार न करता म्हणायचा, गाडीचे गिअर बदलावे तसं. दोघं रानात जायचे, तिल्दा थबकायची, दोघं पुढे व्हायचे, पक्षी उडायचा आणि दोघं तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचे. बार होत नाही हे तिल्दाला कळेना. पहिल्या काही वेळा ती वळून अशा नजरेनं बघायची, की विल्फ म्हणायचा, "बघ, तुझी बायको बघते तशी बघतेय." नंतर तिनंही मनावर घेणं सोडलं.

असे दोन ऑक्टोबर गेले. तिसऱ्याच्या आधी विल्फला सांभाळणं बर्निसच्या हाताबाहेर गेलं आणि त्याला वृद्धांच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. ताइस्तो शनिवारी तिथे जायचा. विल्फ त्याला ओळखायचा नाही, पण त्याच्याशी अदबीनं बोलायचा, ओट्यावरच्या म्हाताऱ्यांशी बोलायचा तसा. एकदा त्यानं ताइस्तोला विचारलं, "तुमच्याकडे एखादी जुनी दुनळी पडलेली आहे का हो? लहान बोअरची? आम्ही दोघं मित्र गोळा करतो."

"मित्र कुठाय तुमचा?"

"असेल इथेच. कोपरे बघत असेल," विल्फ म्हणाला.

फेब्रुवारीत, बर्फ खिडकीच्या वर चढलेलं असताना, विल्फ गेला. जमीन गोठलेली असल्यामुळे त्याला पुरायला मे उजाडावा लागला. त्याची मुलगी जॅनेट मिलवॉकीहून आली. ताइस्तोनं कपाट उघडून विल्फच्या बंदुका तिच्यासमोर मांडल्या. तिनं अठ्ठावीस बोअर उचलली. लहानपणी बाप तिला हीच घेऊन नेमबाजी शिकवायचा. ती म्हणाली, "तुम्ही ठेवा ना. तुम्हाला ही फार आवडायची, बाबा नेहमी सांगायचे."

"आवडायची," ताइस्तो म्हणाला. "पण तू ने. माझ्याकडे ती कपाटातच राहील."

ती घेऊन गेली. त्यानं ट्रकपर्यंत पोचवली आणि परत येताना त्याला जाणवलं की खांदे जरा सैल झालेत.

त्या उन्हाळ्यात त्यानं स्वतःच्याही काढल्या. ग्रीन बे शहरात जुन्या बंदुकांच्या हौशी लोकांचा मेळावा भरतो, मोठ्या सभागृहात टेबलं लावून. ताइस्तोनं एका टेबलावर हिरवं कापड अंथरलं, त्यावर बंदुका ओळीनं ठेवल्या आणि मागे खुर्चीत बसला. लोक यायचे, उचलायचे, नळ्यांतून दिव्याकडे बघायचे, कारखान्याची नावं आणि सालं सांगून एकमेकांवर छाप पाडायचे. ताइस्तो प्रत्येकाला एकच विचारायचा, "रानात नेणार की भिंतीवर टांगणार?" टांगणाऱ्यांशी त्याचं जमायचं नाही. दुपारी एक चाळिशीची बाई आली. विस्कॉन्सिनकडची शेतकरीण, हात राठ आणि लहान. तिनं चारशेदहा उचलून छताच्या एका दिव्यावर रोखली.

"दस्ता जरा वर घ्या, गालाला लागू द्या," ताइस्तो म्हणाला.

तिनं घेतला. "आता बसली. तुम्ही का विकताय?"

ताइस्तोनं विचार केला. सांगण्यासारखं बरंच होतं आणि सांगायचा कंटाळा आला होता. "थकलो," तो म्हणाला.

तिला ते पटलं. तिनं मान डोलवली आणि बंदूक घेतली.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा आइलीनं वाफेच्या स्नानाची खोली, सॉना, तापवून ठेवली होती. दोघं लाकडी फळीवर शेजारी शेजारी बसले. तिनं तापल्या दगडांवर ओंजळभर पाणी टाकलं, वाफ चर्र करून छतापर्यंत गेली आणि खाली उतरली.

"सगळ्या गेल्या?"

"एक उरलीय. वीस बोअरची. गिऱ्हाईक आलं होतं, पण बोलघेवडं फार."

"मग आता ऑक्टोबरात काय करणार?"

"चालेन थोडा. तिल्दाला जमेल तेवढा."

"तिल्दाचं राहू दे, तुझं सांग."

ताइस्तोनं डोकं मागे भिंतीला टेकलं. त्याच्या गुडघ्यांत ऊब शिरत होती. आइलीनं आणखी पाणी टाकायला लाकडी पळी उचलली, पण त्याचे डोळे मिटलेले पाहिले आणि तशीच खाली ठेवली.